काम आढळले नाही

माझी आत्या रफू करते. एवढं सांगितलं की लोक म्हणतात, "म्हणजे शिवणकाम का?" आणि माझं डोकं फिरतं. शिवण म्हणजे दोन कापडं एकमेकांना जोडणं, ते येतं असं निम्म्या जगाला वाटतं. रफू म्हणजे कापड जिथे फाटलंय तिथे ते कधी फाटलंच नव्हतं असं करून ठेवणं. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून सूत उपसायचं, एकेक धागा, आणि भोकावर आधी उभे धागे ताणून मग आडवे विणत जायचे, एक वर, एक खाली, मूळ विणीत आपली वीण मिसळेपर्यंत. काम संपलं की तिथे हात लागलाय हे कापडालासुद्धा कळता कामा नये. आत्याचा या बाबतीत एकच कायदा आहे. दिसलं तर ते ठिगळ.

बाजाराच्या इमारतीत जिन्याखाली तिची जागा आहे. वर दातांचा दवाखाना आहे, त्यामुळे दिवसभर तिच्या डोक्यावरून माणसं जाताना हळू आणि येताना भराभर चालतात. तिथे उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून ती उभी राहतच नाही. सकाळी वाकून आत जाते, संध्याकाळी वाकून बाहेर येते, आणि या वाकण्याला एकतीस वर्षं झाली. भिंतीत वर एक झरोका आहे. त्यातून नऊ ते चार असा उजेड येतो की काळ्या कापडातला काळा धागा वेगळा दिसतो. घरी तिने कितीदा बसून पाहिलं, पण दिव्याच्या उजेडात तिला धागा सापडत नाही आणि आमच्या दोन खोल्यांत पाच माणसांमधून उजेडाला यायला वाट नाही. म्हणजे तो झरोका आहे तोवर आत्या आहे, इतकं ते सरळ होतं.

पाटी तिने कधी लावली नाही. गिऱ्हाइकांनाच ती नको असते. लोक तिच्याकडे काखेत पुडकं धरून, इकडेतिकडे बघत येतात. एकदा एक गृहस्थ सकाळी जळालेली बाही घेऊन आला, बायकोला कळू देऊ नका म्हणाला. दुपारी त्याचीच बायको त्याचाच स्वेटर घेऊन आली, इस्त्री जास्त वेळ ठेवली होती, नवऱ्याला कळू देऊ नका म्हणाली. आत्याने दोन्ही कपडे शेजारी शेजारी घडी करून ठेवले आणि दोघांनाही चकार शब्द सांगितला नाही. ते जोडपं अजून सुखात आहे. त्यात निम्मा वाटा आत्याचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

न दिसण्याची सवय तिच्या अंगातही मुरली आहे. आमच्या घरातल्या एकाही फोटोत ती धड नाही. कुठे कोपर आहे, कुठे चपलेचं टोक. माझ्या शाळेच्या निरोपाच्या फोटोत तर ती पडद्यामागे आहे, हे मी तिला विचारलं तेव्हा कळलं. "तो पडदा जरा उसवला होता," ती म्हणाली. "बघत होते."

अशा बाईला नेमकं ओळखपत्र काढायची वेळ आली. बाजार नीटनेटका करायचं कुणाच्या तरी मनाने घेतलं आणि जिन्याच्या कठड्यावर कागद डकवला गेला. ज्यांच्याकडे कारागीर ओळखपत्र नसेल त्यांनी महिनाअखेर जागा सोडावी. आत्याने तो कागद वाचला, मग तो वाकडा चिकटवलाय म्हणून काढून सरळ चिकटवला, आणि आत जाऊन बसली. पुढची धावपळ माझ्या वाट्याला आली, कारण घरात अर्ज भरता येणारी आणि भांडता येणारी मी एकटीच.

कार्यालयात आम्ही गेलो तेव्हा पुराव्यादाखल एक कोट नेला होता. खिडकीमागे बसलेले साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मी आजही कबूल करते. त्यांनी आत्याला खुर्ची दिली, चहा मागवला. अर्जावर धंद्यांची यादी होती, त्यात शिंपी होते, विणकर होते, भरतकाम होतं, गाद्या भरणारे होते, आणि अगदी तळाला "ठिगळकाम व तत्सम" होतं. रफू कुठेच नव्हतं. साहेब म्हणाले हरकत नाही, काम दाखवा, आपण हाताने लिहू.

आत्याने कोट पुढे केला.

"कुठे आहे काम?"

"या कोपरावर."

साहेबांनी कोट उजेडात धरला, उलटा केला, मग कपाटातून भिंग आणलं. आम्ही चहा संपवला तरी ते बघतच होते.

"इथे तर काही नाही," ते म्हणाले.

"तेच काम आहे," आत्या म्हणाली.

"काय काम?"

"इथे काही नाही, हे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की इथे दोन बोटं जातील एवढं भोक होतं. "होतं ना?" साहेब खुलले. "मग तेच दाखवा की!" मी म्हटलं, ते आता नाही, म्हणून तर आलोय. साहेबांनी बराच विचार केला आणि रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, "काम आढळले नाही."

निघताना मात्र त्यांनी आपुलकीने सल्ला दिला. "बाई, तुम्ही ठिगळकामात अर्ज करा. एखादं ठिगळ लावून आणा. लाल, निळं, कसलंही चालेल. लगेच सही करतो."

आत्या कोट उचलून उठली. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर तिने कोटाची घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. तिचे कान लाल झाले होते. एकतीस वर्षांत तिला कुणी एवढं तोंडावर बोललं नव्हतं.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या पद्धतीने निकाल लावला. "लावा ना वन्सं एक ठिगळ! एका ठिगळाने काय आभाळ फाटणार आहे?"

"वहिनी, उद्या तुम्हाला कोणी म्हणालं की तुमच्या नावाने नाही मिळत, शेजारणीच्या नावाने घ्या, तर घ्याल का तुम्ही?"

"काय मिळतंय त्यावर आहे," आई म्हणाली.

बाबा म्हणाले, "अगं, कार्डावर काय लिहिलंय ते वाचतंय कोण?"

"मी वाचेन, दादा," आत्या म्हणाली आणि ताटावरून उठली. जागा जाण्याची तिला भीती होती, झोप उडाली होती तिची. पण ठिगळवाली म्हणून त्या जागेत बसायचं म्हणजे दुसऱ्याच कुणाला तरी तिथे बसवण्यासारखं होतं, आणि ते तिच्याने होत नव्हतं.

पुढच्या फेरीत साहेबांनी तोड काढली. दोन गिऱ्हाइकांनी लिहून द्यावं की या बाईंनी आमचे कपडे रफू केले. मला हे इतकं सोपं वाटलं की मी त्याच दिवशी घरी गोड काहीतरी करायला सांगणार होते. आत्याला मात्र ते पटेना. गिऱ्हाइकाचं फाटलेलं चारचौघांत काढायचं नाही, हा तिचा दुसरा कायदा. मी तिला ओढतच वकीलसाहेबांकडे नेलं. त्यांचा काळा कोट मागच्या वर्षी खिळ्याला अडकून पाठीवर वीतभर फाटला होता आणि त्याच कोटात ते आमच्यासमोर उभे होते.

"माझा कोट?" वकीलसाहेब म्हणाले. "छे! या कोटाला कधीच काही झालेलं नाही." आणि खात्री पटावी म्हणून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. "बघा. दिसतंय काही?"

काही दिसत नव्हतं. आणि गंमत म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. ते खरोखरच विसरले होते. दुसऱ्या होत्या शाळेच्या मोठ्या बाई, त्यांना सगळं स्वच्छ आठवत होतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी फाटकी शाल पांघरून शाळेत जाते, असं मी सहीनिशी लिहून देऊ?" आणि दार लावून घेतलं.

मी रस्त्याने दोघांचा उद्धार करत चालले होते. मागे वळून पाहिलं तर आत्या हसत होती.

"विसरले गं," ती म्हणाली. "बघितलंस? त्यांचं त्यांनाच आठवेना."

"आत्या, जागा चाललीय आपली!"

"हो, ते आहेच," ती म्हणाली. "पण विसरले ना!"

अशा माणसाला मदत करणं म्हणजे काय असतं हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

महिना संपायला आठ दिवस राहिले तेव्हा खिडकीवरच्या साहेबांनाच आमची दया आली. त्यांनी जाड नियमावलीतून प्रात्यक्षिकाचा नियम शोधून काढला. कार्यालयाचं कापड कार्यालयात फाडायचं, कार्यालयातच दुरुस्त करायचं आणि रोज संध्याकाळी कपाटात कुलूपबंद ठेवायचं. राखाडी कापडाचा हातभर तुकडा काढला गेला, त्याच्या चारी कोपऱ्यांवर शिक्के मारले गेले. साहेबांनी स्वतः कात्री घेतली. त्यांचा जीव हळवा, कापडात कात्री खुपसताना त्यांनी मान दुसरीकडे केली, हात हलला आणि भोक एका बाजूला वाकडं झालं. मग ते आत्याला "माफ करा" म्हणाले.

आत्या दोन दिवस, दुपारी तिथे नीट उजेड यायचा तेवढे दोन-दोन तास, खिडकीशी बसून ते भोक भरत होती. येणारेजाणारे थांबून बघत. कुणी विचारलं, काय करता, तर ती म्हणे, काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दात लावून धागा तोडला, कापड तळव्याने सपाट केलं आणि साहेबांपुढे ठेवलं. साहेबांचे डोळे भरून आले. "अहो, गेलं की हो!" ते म्हणाले. मला वाटलं, सुटलो.

पण नियमावली जाड होती. ज्याच्यासमोर काम झालं त्याने ते तपासायचं नाही, म्हणजे पक्षपात होत नाही. तपासायला दुसऱ्या गावाहून मोठे साहेब आले. चारच्या गाडीने त्यांना परत जायचं होतं. त्यांनी कापड हातात घेतलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"फाडलेला नमुना कुठे आहे?"

"हाच तो," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

"हा तर फाटलेला नाही."

"रफू केलाय साहेब," मी म्हटलं.

"कुठे?"

आत्याने बोट ठेवलं. मोठ्या साहेबांनी भिंग लावलं, नखाने चाचपलं, कापड ताणून पाहिलं. मग त्यांनी आमच्याकडे अशी नजर टाकली की मी उगीचच सावरून बसले. "कापड बदललंय," ते म्हणाले.

"साहेब, चारी कोपऱ्यांवर शिक्के आहेत," मी म्हटलं.

"शिक्का काय, तो दिवसभर टेबलावर पडलेला असतो."

खिडकीवरचे साहेब पुढे आले. "नाही साहेब, मी स्वतः फाडला होता."

"तुम्ही कार्यालयाचं कापड फाडलंत?"

"म्हणजे," साहेब मागे सरले, "फाडला असं नाही म्हणता येणार."

मोठ्या साहेबांनी पेन उघडलं आणि लिहायला घेतलं, नमुना बदलल्याचा संशय. आत्याने ते उलट्या बाजूने वाचलं. ठिगळवाली म्हटल्यावर तिचे कान लाल झाले होते, आता ती पांढरी पडली. तिने कापड त्यांच्यासमोरून ओढून घेतलं, सुईच्या टोकाने एक धागा उचलला आणि खेचला. मग दुसरा. दोन दिवसांचं काम ती त्यांच्या डोळ्यांसमोर उसवत गेली, आधी आडवे धागे, मग उभे. टेबलावर राखाडी सुतांचा छोटासा ढीग झाला. शेवटी भोक उघडं पडलं, त्याच्या त्या एका बाजूच्या वाकडेपणासकट.

"हेच!" खिडकीवरचे साहेब ओरडले. "हेच आमचं भोक!"

मोठ्या साहेबांनी भोकात बोट घालून पाहिलं. त्यांचं समाधान झालेलं दिसलं. त्यांनी आधीचं वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं, "नमुना फाटलेला आहे. काम आढळले नाही."

आता माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण शेजारच्या खोलीतले लोक बघायला आले एवढं सांगते. मोठे साहेब शांत होते. "बाई, मी समोर दिसतं ते लिहितो. भोक आहे, तर काम झालेलं नाही. भोक नाही, तर काम करायलाच काही नव्हतं. यात माझा काय दोष?"

मी आत्याला उठवायला वळले.

या सगळ्यात आत्या मात्र परत सुई ओवून बसली होती. ओळखपत्रासाठी नाही, तो विषय तिच्या लेखी संपला होता. पण उघडं भोक समोर ठेवून तिला उठता येत नाही, आलेलं नाही कधी. तिने उभे धागे पुन्हा ताणले, आडवे घ्यायला सुरुवात केली. दुपारभर बाकीचे अर्ज तपासून मोठे साहेब आता कागद पिशवीत भरत होते. मी तिची चप्पल शोधत होते. भोक निम्मं भरलं होतं, एका बाजूला सलग कापड आणि दुसऱ्या बाजूला रिकाम्या जागेवर ताणलेले नुसते उभे धागे, आणि त्यांच्यामधून सुई वर खाली जात होती.

मोठे साहेब वाकले. पिशवी त्यांच्या हातातच राहिली.

"थांबा," ते म्हणाले. आणि मग वेगळ्याच आवाजात, "अहो, हे किती सुंदर आहे!"

आत्याने मान वर केली. तिच्या कामाला सुंदर म्हणणारा हा तिच्या आयुष्यातला पहिला माणूस. कसं म्हणणार कोणी? आजवर कुणाला दिसलंच नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता आणि मला माझीच लाज वाटली, की हे वाक्य मीही तिला कधी म्हटलं नव्हतं.

"दोन तासांचं राहिलंय," ती लगबगीने म्हणाली. "पुरं करून देते."

"नको, नको! पुरं करू नका. पुरं केलंत की मला दिसणार नाही. आहे असं द्या, मी आत्ता सही करतो."

"असं अर्धं?"

"असंच. काम आढळलं मला. स्पष्ट आढळलं."

आत्याने सुई खाली ठेवली नाही. ती कापडाकडे बघत राहिली. खिडकीवरचे साहेब घड्याळाकडे बघत होते, पावणेचार झाले होते. आत्याने माझ्याकडे पाहिलं. महिनाभर तिच्या कामाच्या बाजूने जगाशी भांडणारी मी एकटी होते, ती आता मी काय म्हणते याची वाट बघत होती.

"आत्या," मी म्हटलं, "सुई ठेव."

तिने आणखी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग सुई काढून पदराला लावायच्या ऐवजी टेबलावर ठेवली, आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. शिक्का बसला. बाहेर आल्यावर ती जिन्यातच बसली आणि रडली. मी तिची समजूत घालायला गेले, जागा राहिली ना, झरोका राहिला ना, तर ती "हो गं, हो" म्हणत राहिली आणि रडत राहिली.

ओळखपत्रावर रफूकाम असंच लिहून आलं. यादीत तो शब्द आता हाताने वाढवलेला आहे, तेवढं तिने मिळवलं. पण सोबत नियम आला की प्रमाणित नमुना ओळखपत्रासकट कामाच्या जागी, दिसेल असा, कोणताही बदल न करता लावावा. कार्यालयाने स्वतः तो काचेच्या फ्रेममध्ये बसवून मागून सील करून पाठवला. जिन्याखाली भिंत एकच आहे, ती तिच्या समोरची. त्यामुळे नऊ ते चार तिच्यासमोर ते अर्धं भोक असतं. पहिल्या आठवड्यात तिने दोनदा सुई उचलून काचेवर टेकवली, हे मी पाहिलंय.

गिऱ्हाइकांना फ्रेम फार आवडते. पूर्वी पुडकं टाकून पळणारे लोक आता थांबून वाहवा करतात. वकीलसाहेब दोघांना दाखवायला घेऊन आले. परवा मी तिला डबा द्यायला गेले तेव्हा एक तरुण मुलगी आली होती, जाकिटाचा खांदा फाटला होता.

"मला अगदी असंच करून द्या," ती फ्रेमकडे बोट दाखवून म्हणाली. "अर्धंच."

"मी असं करत नाही," आत्या म्हणाली.

"पण हे तुमचंच आहे ना? कार्डावर तुमचाच फोटो आहे."

"माझंच आहे."

"मग पुरं का नाही केलंत?"

आत्याने जाकीट उलटं केलं आणि आतल्या दुमडीतला पहिला धागा शोधू लागली.

"पुरं केलं तर मी इथे राहणार नाही, बाळ."

मुलगी हसली, तिला वाटलं बाई गमतीत बोलतात. सुई ठेव म्हणणारी मीच होते, त्यामुळे मला हसता आलं नाही.